कमी खर्चाचा, कमी आवाजाचा घरगुती संगणक: सुटे भाग निवडताना

संगणकाचा आवाज म्हणजे जवळजवळ सगळा पंख्यांचा आवाज. पंखे जोरात फिरतात कारण आत उष्णता साचते, आणि ती किती साचणार हे दुकानात पैसे मोजतानाच ठरून गेलेलं असतं. एवढी साखळी ध्यानात ठेवली की निवड बरीच सोपी होते. आधी कमी तापणारे भाग घ्यायचे, मग जी थोडी उष्णता होईल ती मोठ्या, संथ पंख्यांनी बाहेर काढायची. ‘सायलेंट’ असं खोक्यावर छापलेल्या महागड्या वस्तूंचा विचार त्यानंतर, आणि बहुतेकदा तो करावाच लागत नाही. कमी वीज खाणारे भाग बहुधा स्वस्तही असतात.

हा लेख पहिल्यांदाच संगणक ‘असेम्बल’ करून घेणाऱ्यांसाठी आहे. मुलांचा अभ्यास, घरून ऑफिसचं काम, टॅली, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ पाहणं, फोटो नीटनेटके करणं, कधीतरी हलकासा गेम, एवढी कामं मी गृहीत धरली आहेत. मोठे गेम खेळायचे असतील तर ग्राफिक्स कार्ड लागतं आणि सगळं गणित बदलतं. त्यावर पुढे दोन ओळी लिहिल्या आहेत, जास्त नाही.

किती शांत म्हणजे शांत?

आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने डोक्यावर पंखा फिरत असतो. खिडकीतून रस्ता ऐकू येतो, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतात. अशा घरात अजिबात आवाज न करणारा संगणक घेण्यासाठी दुप्पट पैसे घालणं मला पटत नाही. एकसारखा, बारीक ‘सूं’ आवाज पाच मिनिटांत कानाआड होतो. त्रास होतो तो चढउताराचा: ब्राउझर उघडला की पंखा भणभणतो, दोन सेकंदांत खाली येतो, पुन्हा चढतो. दुसरा त्रास बारीक शिट्टीचा आणि तिसरा पत्र्याच्या घरघरीचा. हे तीन टाळायचे, एवढंच आपलं उद्दिष्ट.

इथे थोडं गणित उपयोगी पडतं. पंखा निम्म्या वेगाने फिरवला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. म्हणजे पूर्ण वेगाच्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन लावले तर कागदावर हवा तेवढीच सरकते आणि आवाज १२ डेसिबलनं कमी होतो. पंख्याच्या आकाराचंही तसंच: ८० मिलीमीटरच्या पंख्याला जेवढी हवा ढकलायला गरगरावं लागतं, तेवढी १२० मिलीमीटरचा पंखा आरामात ढकलतो. पुढच्या सगळ्या निवडींमागे हीच दोन कारणं आहेत.

प्रोसेसर

सुरुवात इथूनच करायची, कारण सगळ्यात जास्त उष्णता इथे होते. प्रत्येक प्रोसेसरच्या माहितीत वॅटचा एक आकडा दिलेला असतो. घरच्या कामाला ६५ वॅट किंवा त्याखालचा प्रोसेसर भरपूर झाला. हा आकडा म्हणजे कमाल मर्यादा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. एएमडी कंपनीचा ६५ वॅटचा रायझन प्रोसेसर जोर लागल्यावर ८८ वॅटपर्यंत जातो. इंटेलचा कोअर आय३-१२१०० नावाला ६० वॅटचा असला तरी थोडा वेळ ८९ वॅट घेतो. तरीही इंटेलच्याच कोअर आय९-१४९००के सारख्या २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या चिपपुढे हे दोघे अगदी थंड आहेत. तसल्या प्रोसेसरवर कितीही मोठा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा, वर बसणारा पंखा) चढवा, एप्रिलमध्ये नागपुरात तो शांत राहणार नाही.

दुसरी गोष्ट, ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच हवं. वेगळं कार्ड आलं की त्याचे पंखे आले, त्याची वीज आली, मोठा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आला. यासाठी नावाच्या शेवटचं अक्षर पाहायचं. इंटेलच्या नावाला शेवटी ‘एफ’ असेल, जसं १२१००एफ, तर आत ग्राफिक्स नाही. तो थोडा स्वस्त मिळतो आणि नवखा माणूस नेमका तोच उचलतो. घरी येऊन मॉनिटर लावल्यावर पडदा काळाच. रायझनच्या ५००० मालिकेत उलटं आहे: शेवटी ‘जी’ असेल तरच आत ग्राफिक्स.

माझ्या मते आज स्वस्त आणि शांत संगणकासाठी तीन वाटा आहेत.

पहिली, कोअर आय३-१२१००. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकावेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा), २०२२ साली बाजारात आलेला. टायपिंग, एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ यांत तो कुठेही अडत नाही. यातल्या ग्राफिक्सला एव्ही१ या नव्या प्रकारचे व्हिडिओ हाताळता येतात. यूट्यूब हा प्रकार बराच वापरतं. हे काम ग्राफिक्सनं उचललं की प्रोसेसर निवांत राहतो आणि पंखाही.

दुसरी, एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड. यातलं ग्राफिक्स वरच्या आय३ पेक्षा बरंच दमदार आहे, त्यामुळे जुने किंवा हलके गेम, घरगुती व्हिडिओ जोडणं यासाठी हा बरा. एव्ही१ मात्र याच्या ग्राफिक्सला झेपत नाही. ते काम कोअरनाच करावं लागतं. ते करतातही सहज, पण थोडी जास्त वीज घेऊन. नुसते व्हिडिओ पाहणारं घर असेल तर मी आय३ घेईन. घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर ५६००जी.

तिसरी वाट इंटेल एन१०० ची. २०२३ मध्ये आलेला चार कोअरचा हा प्रोसेसर फक्त ६ वॅटचा आहे आणि तो मदरबोर्डवरच, म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य पाटीवरच, कायमचा बसवलेला येतो. असूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ किंवा एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हे असे बोर्ड पंख्याशिवायच येतात. दुसऱ्याला तर एसएमपीएसही लागत नाही, १९ व्होल्टचा लॅपटॉपसारखा अडॅप्टर पुरतो. घरातल्या आजी-आजोबांसाठी, पत्रव्यवहारासाठी, देवघराच्या शेजारी ठेवायच्या संगणकासाठी हा अगदी योग्य. पण एकाच वेळी तीस टॅब आणि व्हिडिओ मीटिंग त्याच्याकडून मागू नका. आणि याच चिपचे हाताच्या पंजाएवढे तयार ‘मिनी पीसी’ मिळतात त्यांपासून जरा सावध: अनेकांत इवलासा पंखा असतो आणि तोच शिट्टी घालतो.

डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम लागणारी एएमडीच्या प्रोसेसरांची नवी एएम५ जातही आहे. ती पुढे वाढवता येते हे खरं, पण बोर्ड आणि रॅम दोन्ही महाग पडतात. बेत ‘कमी खर्चाचा’ असेल तर तिकडे जाऊ नये.

मदरबोर्ड

आय३-१२१०० साठी एच६१०, ५६००जी साठी ए५२० किंवा बी५५० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) बोर्ड घ्या. एच६१० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून बिल होण्यापूर्वी खोक्यावरचं नाव पूर्ण वाचा. बी४५० चा जुना बोर्ड मिळाला तर त्याचं बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डातलाच मूळ प्रोग्रॅम) नवीन केलं आहे का ते विचारा. जुन्या बायोसला ५६००जी ओळखता येत नाही.

आवाजाच्या दृष्टीने बोर्डावर एकच गोष्ट तपासायची, ती म्हणजे पंख्यांच्या पिना. स्वस्त बोर्डावर प्रोसेसरच्या पंख्यासाठी एक आणि कॅबिनेटच्या पंख्यासाठी एक अशा दोनच जागा असतात. दोन पंखे लावायचे असतील तर एकाचे दोन करणारी वायर लागेल, ती स्वस्तात मिळते. काही बोर्ड चार पिनांच्या पंख्यांचाच वेग कमी-जास्त करू शकतात. तीन पिनांचा पंखा लावला की तो कायम पूर्ण वेगात. म्हणून पंखे चार पिनांचेच घ्यावेत, थोडे महाग पडले तरी. बोर्डावरच छोटा पंखा बसवलेला असेल, जसा एक्स५७० च्या अनेक बोर्डांवर असे, तर तो बोर्ड आपल्या कामाचा नाही.

स्वस्त बोर्डात वाय-फाय नसतं. राउटर जवळ असेल तर लॅन केबलसारखं सुख नाही. नाहीतर छोटा यूएसबी डोंगल लावावा. जुना व्हीजीए मॉनिटर घरात पडून असेल तर एच६१० च्या पुष्कळ बोर्डांवर ती जोडणी अजूनही असते. नवा मॉनिटर वाचला तर तेवढेच पैसे एसएसडीला (हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या चिपच्या साठवणीला) कामी येतील.

रॅम

८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, १६ ची एक नको. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. ५६००जी वर हा फरक गेम चालवताना डोळ्यांना दिसतो. एन१०० ला मात्र एकच वाट आहे, तिथे एक पट्टी.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्यानं चढले. एआयच्या डेटा सेंटरांसाठी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं हे त्यामागचं मोठं कारण. त्यामुळे वापरलेली डीडीआर४ रॅम घ्यायला हरकत नाही. तिच्यात झिजणारा असा कुठलाच भाग नसतो. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ हा मोफत प्रोग्रॅम रात्रभर चालवून बघा, एक जरी चूक दाखवली तरी परत करा. चमचमणाऱ्या दिव्यांच्या, उंच पत्र्यांच्या पट्ट्या घेऊ नका. पैसे जातात ते जातातच, शिवाय त्या पत्र्यांना मोठा कूलर अडतो.

एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क

एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून आवाजही नाही. ५०० जीबीची एम.२ (छोट्या पट्टीचा आकार) एनव्हीएमई (वेगवान जोडणी) एसएसडी घ्यावी; ती बोर्डावर आडवी बसते, वायरही लागत नाही. दुकानात एम.२ आकाराच्या, पण साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीही असतात, दिसायला जवळजवळ सारख्या, वेग बराच कमी. खोक्यावर एनव्हीएमई हा शब्द हवा. ‘जनरेशन ४’ साठी जास्त पैसे मोजायची गरज नाही: ५६००जी आणि एच६१० दोन्हीकडे ती जनरेशन ३ च्या वेगानंच चालणार. छोटा पंखा लावलेल्या एसएसडीकडे बघूही नका.

जुन्या संगणकातली हार्ड डिस्क नव्यात बसवायचा मोह प्रत्येकाला होतो. लग्नाचे फोटो असतात, सोडवत नाही. पण मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ती डिस्क कॅबिनेटच्या पातळ पत्र्याला घरघर लावते आणि शांत संगणकातला तोच एक आवाज मग रात्री ठळक ऐकू येतो. तिच्यासाठी यूएसबीचं एक कव्हर घ्या आणि बॅकअपपुरती बाहेरून जोडा. आतच बसवायची असेल तर स्क्रूखाली रबराचे वॉशर घाला.

एसएमपीएस

या भागात लोक सगळ्यात जास्त काटकसर करतात, आणि ती नेमकी चुकीच्या जागी होते. वर निवडलेला संगणक नुसता चालू असताना भिंतीतून साधारण २५ ते ४० वॅट घेतो. पूर्ण जोर लावला तरी दीडशेच्या आत. म्हणजे ४५० वॅटचा एसएमपीएसही तिप्पट आहे. दुकानदार ६५० चा घ्या म्हणेल, त्याला गोड हसून नाही म्हणा. वॅट कमी घ्या, पण माल चांगला घ्या.

कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅटचं स्टिकर असतं. उचलून पाहा: हलका लागतो, कारण आत तांबं आणि हीटसिंक (उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे) कमी. विजेचा बराच भाग उष्णतेत जातो, ती काढायला मागचा पंखा कायम जोरात फिरतो, आणि व्होल्टेज वरखाली झालं की तो जाताना बोर्डही सोबत नेतो. त्याऐवजी ‘८० प्लस’ची खूण असलेला घ्या. २००४ पासून दिली जाणारी ही खूण सांगते की २०, ५० आणि १०० टक्के भारावर एसएमपीएस किमान ८० टक्के वीज कामाला लावतो. ब्राँझ त्याच्या वरची पायरी. ब्राँझ पुरे, गोल्डचे जास्तीचे पैसे या संगणकात वसूल होत नाहीत. ही खूण आवाजाबद्दल मात्र काहीच सांगत नाही. त्यासाठी सायबेनेटिक्स नावाची संस्था वेगळी श्रेणी देते. खोक्यावर ती दिसली तर जरूर बघा. पंखा १२० मिलीमीटरचा हवा आणि वॉरंटी निदान तीन वर्षांची, पाच मिळाली तर उत्तमच.

अर्थिंगबद्दल इथेच सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष बहुधा एसएमपीएसचा नसतो, घराच्या अर्थिंगचा असतो. विजेतला गोंधळ गाळण्यासाठी एसएमपीएसमध्ये बसवलेले कपॅसिटर किंचित प्रवाह पत्र्याकडे सोडतात. अर्थची तार नसली की त्याला जायला वाट राहत नाही. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि गावाकडच्या घरांत हे सर्रास आढळतं. स्पीकरमधून येणारी बारीक घूंss सुद्धा अनेकदा इथलीच. इलेक्ट्रिशियनला बोलवून तिसरी पिन खरोखर जोडलेली आहे का ते तपासून घ्या आणि तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही तोडू नका.

जिथे वीज जाते-येते तिथे ६०० व्हीएचा यूपीएस या संगणकाला काम वाचवून बंद करण्याइतका वेळ देतो. त्याची टूंटूं बहुतेक यूपीएसवर बटण दाबून बंद करता येते. ती बंद केली तरी बॅटरीवर चाललंय हे तुमच्या लक्षात राहिलं पाहिजे.

कॅबिनेट

दुकानात काचेच्या दर्शनी बाजूचं, आत सात रंगांचे पंखे फिरणारं कॅबिनेट सगळ्यात पुढे मांडलेलं असतं. त्याची समोरची काच बंद, हवा आत यायला कडेला बोटभर फट. त्या पंख्यांच्या वायरला बऱ्याचदा चार मोठ्या छिद्रांचा मोलेक्स प्लग असतो, जो थेट एसएमपीएसला लागतो. वेग कमी करायची सोयच नाही. घुसमटलेल्या खोलीत टेबल फॅन पाचवर लावून बसण्यासारखा तो प्रकार आहे.

मायक्रो-एटीएक्स आकाराचं, समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या. छोटी मिनी-आयटीएक्स कॅबिनेट दिसायला सुरेख असतात, पण त्यांत बसणारे भाग महाग आणि पंखे छोटे. निवडताना हे बघावं: समोर १२० मिलीमीटरचे दोन पंखे बसायची जागा, मागे एकाची, जाळीमागे काढून धुता येईल अशी धूळगाळणी, आणि कूलरसाठी आत किती उंची आहे त्याचा आकडा. १६० मिलीमीटर असेल तर जवळजवळ कुठलाही साधा कूलर बसतो. बाजूच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारून बघा. डबा वाजल्यासारखा आवाज आला तर तो पत्रा पंख्याची थरथर वाढवून ऐकवणार. आतून फोम लावलेली ‘शांत’ कॅबिनेट मिळतात. महाग असतात आणि फोममुळे उष्णता कोंडते. कमी तापणाऱ्या संगणकाला त्यांची गरजच नाही.

घरी कॅबिनेट कुठे ठेवणार, हे विकत घेण्याआधी ठरवा. फर्निचरवाल्यांच्या संगणक-टेबलाला खाली एक बंद कप्पा असतो. मागून पाठ लावलेला, पुढून दार असलेला. त्यात गरम हवा फिरून फिरून आतच येते आणि पंखे चढेच राहतात. कप्प्याची मागची फळी काढा किंवा कॅबिनेट बाहेर ठेवा. फरशीवर ठेवणार असाल तर निदान वीतभर उंच पाटावर ठेवा, कारण फरशी रोज पुसली जाते आणि केर तिथेच उडतो. टेबलावर कानाजवळ ठेवण्यापेक्षा टेबलाखाली ठेवलेलं बरं. अंतर दुप्पट झालं की आवाज मोकळ्या जागेत ६ डेसिबलनं घटतो, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

कूलर आणि पंखे

सीलबंद खोक्यातल्या आय३-१२१०० आणि ५६००जी सोबत कंपनीचा कूलर येतो. दुकानात ‘ट्रे’चा माल स्वस्त सांगतात, त्याच्याबरोबर कूलर येत नाही. खोक्यातला कूलर या दोन्ही प्रोसेसरना पुरेसा आहे आणि बायोसमधून त्याला आवरलं तर फारसा ऐकूही येत नाही. आधी तोच वापरा. महिनाभरानं आवाज खटकला तर चार हीटपाईप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलीमीटर पंख्याचा उभा कूलर घ्या. जास्तीचे पैसे आवाजासाठी कुठे घालायचेच असतील तर ते इथे. पाण्यावर चालणारे कूलर घेऊ नका: पंपाचा स्वतःचा आवाज असतो, आणि ६५ वॅटसाठी ते थाटाचं लग्न करण्याची गरज नाही.

कॅबिनेटला समोरून हवा आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे दोन पंखे पुरतात. पंख्याच्या खोक्यावर बेअरिंगचा प्रकार लिहिलेला असतो. ‘स्लीव्ह’ बेअरिंग स्वस्त, पण उष्णतेत त्यातलं तेल लवकर सुकतं आणि वर्ष-दोन वर्षांत कुरकुर सुरू होते. ‘फ्लुइड डायनॅमिक’ किंवा ‘हायड्रॉलिक’ घ्यावं.

ग्राफिक्स कार्ड लागणारच असेल तर वेगळी वीजजोडणी न लागणारं बघा. जीफोर्स आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटमध्ये चालतं आणि बोर्डाच्याच विजेवर भागवतं. पंखा नसलेलं जीटी १०३० ‘शांत’ म्हणून सुचवलं जातं, पण ५६००जी असताना त्याचा काहीही उपयोग नाही.

जुनं घ्यायचं का?

ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे संगणक बाजारात पुष्कळ फिरतात. मोठ्या दालनात शेकड्यानं चालावेत म्हणून बनवलेले, त्यामुळे मुळातच बऱ्यापैकी शांत. रॅम महाग असण्याच्या काळात हा सौदा नव्या भागांपेक्षा खूपदा किफायतशीर ठरतो. अट एकच: प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावाच्या शेवटी ‘टी’ असेल, जसं आय५-८५००टी, तर तो ३५ वॅटचा, म्हणजे आपल्याला हवा तसाच. मात्र यांचे बोर्ड आणि एसएमपीएस अनेकदा कंपनीच्या खास मापाचे असतात. बिघडले तर बाजारातला भाग बसत नाही. वीज वारंवार खेळ करते अशा गावात मी म्हणून नवे सुटे भागच सुचवीन. विंडोजचा परवाना नको असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे, आणि मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासून असतो.

पैशांची वाटणी आणि खरेदी

भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून रुपयांऐवजी वाटणी सांगतो. मॉनिटर सोडून शंभर रुपये असतील तर २८ प्रोसेसरला, २० बोर्डाला, २० रॅमला, १२ एसएसडीला, १० एसएमपीएसला, १० कॅबिनेट आणि पंख्यांना. रॅमनं जास्त ओढले तर प्रोसेसरची पायरी खाली आणा. एसएमपीएसच्या दहातून काढू नका.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, या खरेदीसाठी अजूनही ठीक आहे. बाहेरगावी असाल तर ऑनलाइन भाव काढून जिल्ह्याच्या दुकानदाराकडे जा. थोडा जास्त घेईल, पण बिघाड झाला तर समोर माणूस असतो. कोटेशन लेखी घ्या, त्यात प्रत्येक भागाचं पूर्ण नाव लिहून घ्या. नुसतं ‘४५० वॅट एसएमपीएस’ किंवा ‘८ जीबी रॅम’ चालणार नाही. ऐनवेळी ‘हे संपलंय, तसंच दुसरं देतो’ हे वाक्य नेमकं या दोन वस्तूंच्या बाबतीत ऐकू येतं. बिल जीएसटीचं आणि त्यावर सीरियल नंबर. जोडणी दुकानदार बहुधा फुकट करून देतो, करू द्यावी; फक्त सगळी रिकामी खोकी आणि उरलेले स्क्रू घरी आणा, वॉरंटीला लागतात.

जोडून झाल्यावर

संगणक पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा तो कदाचित अपेक्षेपेक्षा मोठ्यानं चालेल. घाबरू नका. कारखान्यातून आलेली पंख्यांची मांडणी थंड देशांचा विचार करून, शिवाय भित्रेपणानं केलेली असते. सुरू होताना डिलीट की दाबत राहा, बायोस उघडेल. असूसच्या बोर्डात ‘क्यू-फॅन’ आणि गिगाबाइटच्या बोर्डात ‘स्मार्ट फॅन’ नावाचं पान असतं. तिथे तापमान आणि वेग यांची रेघ ओढता येते. ६० अंशांपर्यंत पंखा ३० टक्क्यांवर ठेवा, ७५ ला ५५ टक्के, ९० ला पूर्ण. सोबत ‘स्टेप अप’ किंवा विलंबाची सोय असेल तर ती चार-पाच सेकंदांवर न्या. ब्राउझर उघडताना प्रोसेसर क्षणभर तापतो आणि लगेच निवतो. या विलंबामुळे पंखा त्या क्षणामागे धावत नाही आणि चढउतार संपतो.

तापमान ७० दिसलं की लोक पंखे वाढवतात. ५६००जी ची मर्यादा ९५ अंश आहे आणि आय३-१२१०० ची १००. मे महिन्यात खोलीच ४० वर असताना काम करणारा प्रोसेसर ७५ ला असणं अगदी साहजिक आहे, त्यानं आयुष्य कमी होत नाही. पुण्यात जानेवारीत तोच आकडा बराच खाली येईल. उन्हाळ्यातही पंखे पूर्ण वेगात गेलेले ऐकू येत असतील तर ५६००जी ला बायोसमधून ४५ वॅटवर बांधून टाका. रोजच्या कामात फरक कळत नाही.

त्याच बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा, नाहीतर रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगापेक्षा कमी वेगानं चालत राहते.

आता धुळीचं. जाळीची गाळणी महिन्यातून एकदा झटका, मार्च ते जून पंधरा दिवसांनी. वर्षातून दोनदा, शक्यतो दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळ्याआधी, प्लग काढून कॅबिनेट गॅलरीत न्या आणि ब्लोअरनं उडवा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळा सोडलेला पंखा भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. कोकणात असाल तर उघडलंच आहे तर बोर्डाच्या मागच्या जोडण्यांवर हिरवट थर आलाय का तेही बघून घ्या, आणि मागची न वापरलेली पट्टी निघालेली असेल तर ती परत लावा: पाल आत शिरते ती तिथूनच.